राजाला ‘नाही’ कोण म्हणणार? जॉनपासून दुसऱ्या रिचर्डपर्यंत

टेम्सकाठी

गेल्या रविवारी रनीमीडला जाऊन आलो. विंडसर आणि स्टेन्सच्या मधलं टेम्सकाठचं हे कुरण. आठ वर्षं इथून जवळच राहतोय, पण ‘जाऊ की कधीतरी’ यातच गेली. बघायला तसं फार काही नाही. चिखल, अमेरिकन वकिलांच्या संघटनेने १९५७ साली बांधलेलं एक छोटेखानी स्मारक, आणि त्याच्याजवळ नरसिंह रावांनी १९९४ मध्ये लावलेला ओक. ओकपाशी भारताचं नाव वाचून आमचे चिरंजीव खूश. मग त्यांनी विचारलं, “बाबा, राजाने सही कुठे बसून केली?”

सही केलीच नाही. १५ जून १२१५ ही तारीख असलेल्या ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेवर इंग्लंडच्या जॉन राजाची मोहोर लागली, सही कुणाचीच नाही. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द इथे तंतोतंत बसतो. हे त्याला सांगून झालं, आणि गाडी चालवताना माझ्याच डोक्यात किडा वळवळायला लागला. मॅग्ना कार्टाने राजाचे हात बांधले असं आपण शाळेत घोकलं. बांधले असतील. पण दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १२०४ मध्ये जॉनच्या हातून फ्रान्समधली नॉर्मंडी गेली आणि ती परत मिळवायच्या वेडापायी त्याने पुढची दहा वर्षं देश पिळून काढला. बाप मेल्यावर मुलाने जहागीर ताब्यात घेताना राजाला नजराणा द्यायचा हा जुना रिवाज होता. पण किती द्यायचा हे राजाच्या मर्जीवर. निकोलस द स्टटव्हिलकडे १२०५ मध्ये १०,००० मार्क मागितले. सनदेच्या दुसऱ्या कलमाने पुढे हाच नजराणा १०० पौंडांवर आणून ठेवला, म्हणजे तफावत बघा! शिवाय स्क्युटेज. स्क्युटम म्हणजे ढाल, तेव्हा मी त्याला ढालपट्टी म्हणतो: लढायला येत नाहीस तर पैसे दे. १२१४ ची ढालपट्टी दर जहागिरी-घटकामागे ३ मार्क होती. उत्तरेकडच्या सरदारांनी ती द्यायचं नाकारलं. त्याच वर्षी २७ जुलैला बूव्हीनच्या लढाईत फ्रान्सकडून जॉनच्या दोस्तांचा धुव्वा उडाला. पैसाही गेला, नॉर्मंडीही गेली. पुढचं वर्ष रनीमीडचं.

आता सनदेतलं माझं आवडतं कलम. सगळे ३९ वं सांगतात: स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही, वगैरे. माझं आवडतं ६१ वं. २५ बॅरन, म्हणजे बडे सरदार, निवडायचे. राजाने सनद मोडली तर त्यांच्यातल्या चौघांनी जाऊन राजाला सांगायचं. ४० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पंचवीस जणांनी अख्ख्या देशाला सोबत घेऊन राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता ताब्यात घ्यायची. राजाच्या, राणीच्या आणि मुलांच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. आणि दुरुस्ती झाली की पुन्हा मुजरा सुरू. थोडक्यात, राजावर जप्ती! जप्तीचं वॉरंट राजाच्याच मोहोरेचं.

हे चालणार नव्हतं आणि चाललं नाहीच. तिसऱ्या इनोसंट पोपने २४ ऑगस्टला सनद रद्दबातल ठरवली. १५ जून ते २४ ऑगस्ट, मोजा: दहा आठवडे. मग युद्ध. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन न्यूअर्कला मेला, गादीवर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री आला आणि त्याच्या पालकांनी सनद पुन्हा काढली. पण त्यातून ६१ वं कलम गायब, आणि ‘देशाच्या सामायिक संमतीशिवाय ढालपट्टी बसवायची नाही’ हे १२ वं कलमही गायब.

आता खरी गंमत. १२ वं कलम कागदावरून गेलं, पण गोष्ट राहिली. १२२५ मध्ये हेन्रीला फ्रान्समधल्या मुलखासाठी पैसा हवा होता. त्याने सनद पुन्हा दिली आणि मोबदल्यात लोकांनी जंगम मालाचा पंधरावा हिस्सा दिला, जवळजवळ ४०,००० पौंड. हा सौदा खुद्द सनदेच्या मजकुरातच लिहिलेला आहे. त्यानंतर १२३७ मध्ये तिसावा हिस्सा मिळाला, आणि मग हेन्रीला १२६९ पर्यंत एकही सर्वसाधारण कर मंजूर झाला नाही. बत्तीस वर्षं! तो मागत राहिला, हे ‘नाही’ म्हणत राहिले.

म्हणून माझं म्हणणं: राजाला सनदेने आवरलं नाही, तलवारीनेही फारसं नाही. त्याला आवरलं ते रिकाम्या तिजोरीने. बोला.

खारीबटर

वाखूसा (वाचनखूण साठवली). सध्या मोबाईलवरून, रात्री नीट वाचतो. तोवर शंका: मार्क म्हणजे किती?

टेम्सकाठी

@खारीबटर, पौंडाचा दोन तृतीयांश, १३ शिलिंग ४ पेन्स. मार्काचं नाणं इंग्लंडात नव्हतं, फक्त हिशेबात. दहा हजार मार्क म्हणजे साडेसहा हजार पौंडांच्या वर.

अर्धवट_वकील

धागा छान, निष्कर्ष उतावीळ.

साहेब, तुम्ही तिजोरी-तिजोरी करताय, पण ‘संमतीशिवाय कर नाही’ ही कल्पना लोकांच्या डोक्यात होती म्हणून तर त्यांना नाही म्हणता आलं. नुसत्या रिकाम्या तिजोरीचा राजा दरोडा घालतो. त्याला मागावं लागलं, हीच कायद्याची ताकद.

ब्रॅक्टन या तेराव्या शतकातल्या न्यायाधीशाच्या नावावर जो कायद्याचा ग्रंथ आहे (सगळा त्याचाच का, यावर विद्वान भांडतात) त्यात सरळ म्हटलंय की राजा कुणा माणसाच्या खाली नसावा, पण देवाच्या आणि कायद्याच्या खाली असावा, कारण कायद्यामुळेच तो राजा आहे. आता याच ग्रंथाची दुसरी बाजू पाहा. राजाने तुमची जमीन हडप केली तर करायचं काय? न्यायालयातून हुकूमनामा निघतो तो राजाच्याच नावाने. राजाने राजाला हुकूम कसा सोडायचा? म्हणून राजाविरुद्ध हुकूमनामा नाही, फक्त अर्ज. हात जोडून विनंती. ऐकलं तर ठीक, नाही तर देव बघून घेईल.

ही पोकळी कुणाला तरी सहन झाली नसावी. कारण ग्रंथात एका ठिकाणी घुसडल्यासारखा मजकूर येतो की अर्लना (सगळ्यात वरच्या दर्जाच्या सरदारांना) लॅटिनमध्ये ‘कोमितेस’ म्हणतात, म्हणजे राजाचे सोबती. आणि ज्याला सोबती आहे त्याला मालक आहे. राजाला लगाम नसेल तर त्यांनी तो घालायचा. तुमच्या ६१ व्या कलमाचंच हे भूत. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, यंत्रणेचा होता. कायदा सगळ्यांना मान्य, बजावणार कोण?

टेम्सकाठी

@अर्धवट_वकील, ‘बजावणार कोण’ हे मान्य. माझी दोरी तीच. पण १२५८ मध्ये यंत्रणा करून पाहिलीच की. हेन्रीने धाकट्या मुलासाठी सिसिलीचं राज्य पोपकडून जवळजवळ विकतच घेतलं आणि १,३५,५४१ मार्कांची हमी देऊन बसला. सिसिली तर मिळवायचीच होती अजून! तेव्हा ऑक्सफर्डला सरदारांनी त्याच्यावर पंधरा जणांचं मंडळ बसवलं, पार्लमेंट वर्षातून तीनदा भरवायचं ठरवलं. राजा होता, पण कारभार मंडळाचा. मग फ्रान्सच्या नवव्या लुईकडे लवाद गेला. जानेवारी १२६४ मध्ये त्याने सगळं रद्द केलं. एका राजाने दुसऱ्या राजाच्या बाजूने निकाल दिला, यात नवल ते काय. मग लुइसची लढाई, मग ईव्हशमची. ४ ऑगस्ट १२६५ ला सरदारांच्या पुढाऱ्याची, सायमन द माँटफर्टची, खांडोळी झाली. माणसाच्या डोक्यावर समिती बसवता येते, पण त्या माणसाला मुकुट असेल तर समितीला सैन्य लागतं.

जुनं_दप्तर

वाचतोय. एक बारीक टोचणी. नजराणा, सनद, जप्ती, जहागीर… भाषा फर्मास आहे, पण सावध. आपल्या वतनाचा आणि तिथल्या सरंजामी जमिनीचा पाया वेगळा. तिथे जमीन घेताना सरदार राजाच्या हातात हात देऊन इमान वाहतो, आणि राजाही त्याचा सांभाळ करायला बांधला जातो. करार दोन्ही बाजूंनी. म्हणूनच राजाने करार मोडला तर इमान काढून घेता येतं ही कल्पना तिथे नैसर्गिक वाटते. १२१५ च्या मे महिन्यात बंडखोरांनी तेच केलं होतं. आधी इमान परत, मग तलवार. ‘दुसरं टोक’ तिथे आहे बहुतेक.

कृपया कुणी अष्टप्रधान मंडळ आणू नका आता. तो वेगळा धागा, आणि तिथे माझी आधीच दोनशे प्रतिसादांची भांडणं पडून आहेत.

शेवग्याची_शेंग

आणि चर्च? बेकेट विसरलात का सगळे? २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये हा आर्चबिशप राजाच्याच माणसांकडून कापला गेला. जुलै ११७४ मध्ये त्याच कँटरबरीत दुसरा हेन्री अनवाणी चालत आला आणि भिक्षूंकडून फटके खाल्ले. युरोपातला एक अत्यंत बलाढ्य राजा! कुठली तिजोरी आणि कुठलं काय.

टेम्सकाठी

@शेवग्याची_शेंग, ताई, फटके खाल्ले खरे, पण राज्य गेलं नाही. उलट त्याच दिवसांत स्कॉटलंडचा राजा पकडला गेल्याची बातमी आली आणि लोक म्हणाले संत पावला. जॉनचं उदाहरण घ्या. १२०८ ते १२१४ देशभर चर्चची सेवा बंद, धार्मिक दफनसुद्धा नाही. जॉनने काय केलं? पळालेल्या बिशपांच्या जमिनींचं उत्पन्न खाल्लं. १२१३ मध्ये फ्रान्सची स्वारी अंगावर येतेय म्हटल्यावर मात्र पूर्ण देशच पोपला अर्पण केला आणि वर्षाला १,००० मार्क देऊन परत मांडलिक म्हणून घेतला. दोन वर्षांनी त्याच पोपने सनद रद्द करून परतफेड केली. चर्चचा लगाम होता, पण दोन्हीकडे ओढला जाणारा.

आता माझ्या मुद्द्याचा हुकमी एक्का: १२९७. पहिला एडवर्ड काही हेन्री नव्हे. उंच, कडक, कायदा जाणणारा. एकाच वेळी फ्रान्स, स्कॉटलंड, वेल्स. लोकरीच्या दर पोत्यावर ४० शिलिंग जकात. लोक तिला ‘वाईट कर’ असंच म्हणायचे. शिवाय सैन्यासाठी धान्य, मांस उचलून न्यायचे, पैसे ‘नंतर’. त्यात नॉरफकच्या अर्लला, रॉजर बिगॉडला, हुकूम की तू फ्रान्समधल्या गॅस्कनीला जा, मी फ्लँडर्सला जातो. बिगॉड म्हणाला, महाराज, तुमच्याबरोबर येतो, माझ्या वंशाचा तो मानच आहे. तुमच्याशिवाय नाही. इतिवृत्तातला संवाद असा की राजा ओरडला, देवाशपथ अर्ल, जाशील नाहीतर फासावर चढशील! आणि उत्तर आलं, त्याच शपथेवर सांगतो राजा, जाणारही नाही आणि चढणारही नाही.

गेला नाही. चढलाही नाही.

मग एडवर्डने आठवा हिस्सा कर बसवला, कुणाची संमती घेतली विचाराल तर एका इतिवृत्तकाराचा टोमणा असा की राजाच्या खोलीत आजूबाजूला जे उभे होते त्यांची. ऑगस्टमध्ये बिगॉड आणि हेरेफर्डचा अर्ल थेट खजिन्याच्या कचेरीत शिरले आणि बजावलं की वसुली थांबवा. ११ सप्टेंबरला स्टर्लिंग ब्रिजला स्कॉटलंडच्या वॉलेसने इंग्रज सैन्य बुडवलं. राजा फ्लँडर्समध्ये अडकलेला, तिजोरी रिकामी. १० ऑक्टोबरला सनदा पुन्हा कायम केल्या गेल्या, त्यात ‘सामायिक संमतीशिवाय असे कर नाहीत’ हे परत आलं. ६१ व्या कलमाची फौज जे करू शकली नाही ते खजिन्याच्या दारात दोन माणसांनी केलं.

(१३०५ मध्ये एडवर्डने नव्या पोपकडून ही वचनं माफ करून घेतली. बापजाद्यांची खोड. पण कर परत तसे बसवले नाहीत.)

खारीबटर

“जाणारही नाही आणि चढणारही नाही”. दंडवत घ्या. उद्या ऑफिसात वापरणार. नोकरी गेली तर कळवतो.

अर्धवट_वकील

@टेम्सकाठी, १२९७ दिलं तुम्हाला. पण पुढे या. १३०८ मध्ये दुसऱ्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या शपथेत चौथं वचन घातलं गेलं: देशाच्या लोकांनी जे कायदे निवडलेले असतील ते मी पाळीन. लॅटिन-फ्रेंच क्रियापदाच्या काळावरून (निवडले आहेत की निवडतील) आजवर भांडणं चालू आहेत. काही आठवड्यांत सरदारांचं निवेदन आलं की आमचं इमान मुकुटाला आहे, मुकुट घालणाऱ्या माणसाला त्यानंतर. राजाने वाट सोडली तर मुकुटासाठी राजाला ताळ्यावर आणायचं. केवढी उडी! राजा आणि राजपद वेगळं काढलं.

आणि आता मजा बघा. हे सगळं कशासाठी, तर राजाचा लाडका गॅव्हस्टन याला हाकलण्यासाठी. १३२१ मध्ये राजाचा दुसरा लाडका डिस्पेन्सर याला हद्दपार करताना त्याच सरदारांच्या गोटाने आरोप काय ठेवला? की हा माणूस ‘इमान मुकुटाला, माणसाला नव्हे’ असला राजद्रोही सिद्धान्त पसरवतो. वकील म्हणून मी इतका प्रामाणिक निर्लज्जपणा क्वचित पाहिलाय.

१३२७ मध्ये मात्र सिद्धान्ताची गरज कुणाला उरली नाही. जानेवारीत पार्लमेंट भरलं, केनिलवर्थला कैदेतल्या राजाकडे शिष्टमंडळ गेलं, गादी सोड नाहीतर मुलालाही मिळणार नाही असं सुचवलं, आणि इमान जाहीरपणे परत केलं. @जुनं_दप्तर यांचा करार इथे पूर्ण वर्तुळात आला. सप्टेंबरात बर्कली किल्ल्यात राजा ‘वारला’.

तर ‘नाही’ म्हणायची ही सगळ्यात मोठी पद्धत: राजाच बदलायचा. १३९९ मध्ये परत. दुसऱ्या रिचर्डवर ३३ आरोप, त्यातला एक असा की तो म्हणायचा, कायदे माझ्या तोंडात आहेत, कधी म्हणायचा छातीत आहेत. पैसा इथे कुठे येतो?

भाकरी_ठेचा

इतका वेळ गप्प वाचत होते. सगळं सुरेख चाललंय, पण इथे ‘लोक’, ‘देश’, ‘सामायिक संमती’ हे शब्द जे फिरताहेत ते नेमके कोण?

३९ व्या कलमात ‘स्वतंत्र माणूस’ म्हटलंय. शेतावर बांधलेला कूळमाणूस, व्हिलन, तो स्वतंत्र नव्हता. खेड्यांमधला केवढा मोठा हिस्सा या एका शब्दाने बाहेर गेला. राजाला आवरलं म्हणजे या माणसाच्या डोक्यावरच्या सरदाराला मोकळीक मिळाली, इतकंच.

आणि तो संमतीचा सौदा. १२२५ चा सांगितलात, १२९० चाही सांगा ना. पहिल्या एडवर्डला पार्लमेंटने भलामोठा कर दिला, आकारणी सुमारे १,१६,००० पौंडांची. त्याच उन्हाळ्यात त्याने इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. दोन गोष्टी एकाच वाटाघाटीतल्या. ज्यू राजाची खासगी मिळकत मानले जायचे. हेन्रीला ती बत्तीस वर्षं तुमचं पार्लमेंट ‘नाही’ म्हणत होतं ना, तेव्हा त्याने ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांना पिळलं. पिळून कोरडे झाल्यावर त्यांची हकालपट्टी विकली.

शेवटचं, १३८१. माणशी १२ पेन्सच्या डोईपट्टीवरून शेतकऱ्यांचं बंड झालं. चौदा वर्षांच्या रिचर्डने लंडनमध्ये त्यांना सामोरं जाऊन गुलामीतून मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या. तीन आठवड्यांच्या आतच त्या रद्द झाल्या. नोव्हेंबरात पार्लमेंटपुढे राजाच्या वतीने विचारलं गेलं: तुमची इच्छा असेल तर या लोकांना मुक्त करायला राजा तयार आहे, काय म्हणता? सरदार, बिशप, परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधी, सगळे एकमुखाने म्हणाले की आमच्या कुळांना आमच्या संमतीशिवाय मुक्त करायचा राजाला अधिकारच नव्हता, आणि ती संमती आम्ही कधी देणार नाही, एका दिवसात सगळे मेलो तरी.

घ्या. कायदा, संमती, मर्यादित राजसत्ता, सगळं एका वाक्यात.

जुनं_दप्तर

@भाकरी_ठेचा, हे मला माहीत नव्हतं. विचारणा मनापासूनची होती की पार्लमेंटला जबाबदार धरण्यासाठी?

भाकरी_ठेचा

राजाच्या पोटात काय होतं कोण सांगणार. त्याच रिचर्डने बंड मोडल्यावर कुळांना ‘कूळ होता, कूळच राहाल’ असं सुनावल्याचं एका इतिवृत्तात आहे. मला त्याचा पुळका नाही. मुद्दा एवढाच की अडवण्याचा हक्क पार्लमेंटने ज्या ताकदीने वापरला, तो कुणासाठी वापरला ते बघा.

टेम्सकाठी

दोन दिवस कामात होतो, माफी.

@अर्धवट_वकील, १३९९ मध्ये पैसा कसा येतो ते सांगतो. तेहतीस आरोपांत सक्तीची कर्जं आहेत, लोकांकडून कोऱ्या कागदांवर मोहोरा घेतल्याचा आरोप आहे, आणि निमित्त काय घडलं, तर राजाचा काका जॉन ऑफ गाँट मेल्यावर त्याच्या मुलाचा वारसा राजाने गिळला. ज्याची जमीन गिळली तोच परत येऊन चौथा हेन्री झाला. इतर जमीनदारांच्या पोटात गोळा आला तो कायद्याच्या प्रेमाने नाही, उद्या आपली पाळी म्हणून. पण कबूल, निव्वळ तिजोरीने हे उलगडत नाही. माझं पहिलं विधान मागे घेतो असं नाही, पातळ करतो.

@भाकरी_ठेचा, तुम्ही धागाच उलटा केलात. शीर्षकातल्या प्रश्नाचं सगळ्यात ठणठणीत उत्तर १३८१ मध्ये मिळालेलं दिसतंय आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. इथे शीर्षक बदलायची सोय असती तर ‘राजाला नाही म्हणून कुणाचं फावलं’ असं केलं असतं. १२९० चं मी टाळलं होतं. विसरलो नव्हतो, माझ्या गोष्टीत बसत नव्हतं म्हणून टाळलं.

उतारा म्हणून एक हलकं. १३८६ मध्ये पार्लमेंटने रिचर्डला सांगितलं, चॅन्सेलर मायकेल द ला पोलला काढा. राजा एल्थमच्या वाड्यात रुसून बसला आणि निरोप पाठवला की तुमच्या सांगण्यावरून मी माझ्या स्वयंपाकघरातला भांडी घासणारा पोऱ्यासुद्धा काढणार नाही. मग त्याचा काका आणि एक बिशप जाऊन त्याला पणजोबांचं, म्हणजे दुसऱ्या एडवर्डचं, काय झालं होतं याची आठवण करून आले. चॅन्सेलर गेला, वर महाभियोगही चालला.

अर्धवट_वकील

पातळ केलेलं विधान स्वीकारलं. आपल्या राज्यघटनेचं २६५ वं कलम आठवलं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही. नरसिंह रावांचा ओक योग्य जागी आहे म्हणायचं.

शेवग्याची_शेंग

पोऱ्याचं काय झालं पण?

टेम्सकाठी

त्याच्यावर महाभियोगाची नोंद नाही.

खारीबटर

पूर्ण वाचला, प्रतिसादांसकट. पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, रनीमीडला पार्किंगचे पैसे लागतात का?

टेम्सकाठी

लागतात. बाराव्या कलमाप्रमाणे कुणाची संमती विचारलेली दिसली नाही.